खालच्या कडीला पूर्वेचं कुलूप

१

किल्ली फिरेना.

गुरुवारी सकाळी साडेदहाला नगरपरिषदेच्या दप्तरखोलीत आम्ही तिघं कपाटासमोर उभे होतो. एक मी, इथला हेडक्लार्क. दुसरा पूर्वेच्या प्रार्थनाघराचा सेवेकरी आणि तिसरा पश्चिमेच्या. कपाटाला दोन कड्या आणि दोन कुलपं. वरच्या कडीला पूर्वेचं, खालच्या कडीला पश्चिमेचं. एक किल्ली पूर्वेच्या गुरुजींच्या गळ्यात असते, दुसरी पश्चिमेच्या. दोन्ही आल्याशिवाय कपाट उघडत नाही. आमच्या गावात एकमेकांवर विश्वास ठेवण्याची ही एकमेव पद्धत आहे.

"यांनी आमचं कुलूप बिघडवलं," पूर्वेचा म्हणाला.

"आमचंही फिरत नाहीये. म्हणजे यांनीच दोन्ही बिघडवली," पश्चिमेचा म्हणाला.

मी वाकून बघितलं. वरच्या कुलपावर पश्चिमेची खूण होती, खालच्यावर पूर्वेची.

"तुमची किल्ली खालच्या कुलपाला लावा," मी पूर्वेच्या सेवेकऱ्याला म्हटलं.

"खालच्या? मी? हात झडतील माझे!"

शेवटी त्याने डोळे मिटून लावली. खट्कन उघडलं. मग वरचंही उघडलं. दार ओढलं तर मधला खण रिकामा. सोमवारी माझ्या डोळ्यांदेखत सीलबंद होऊन आत गेलेली पाण्याच्या टाकीची फाइल गायब होती.

पाच मिनिटांत नगराध्यक्षा मॅडम धावत आल्या. रिकाम्या खणाकडे बघितलं, दोन्ही सेवेकऱ्यांना बाहेर काढलं आणि माझ्याकडे वळल्या.

"हेडक्लार्क, उद्या तीनला सभा आहे. उद्या संध्याकाळपर्यंत ठराव वर गेला नाही तर टाकी रद्द. दप्तरखोली कुणाच्या ताब्यात?"

"माझ्या."

"मग टाकी गेली तर तुम्हीही घरी."

२

आमचं गाव समजायला थोडं मागे जावं लागेल.

तीस वर्षांपूर्वी जुनं प्रार्थनाघर पाडून नवं बांधायचं ठरलं. त्याचं दार कुठे असावं यावरून दोन सख्ख्या भावांत वाजलं. थोरले गुरुजी म्हणाले, देव उजाडताना येतो, दार पूर्वेला हवं. धाकटे म्हणाले, देव दिवसाची कामं आटोपून निवांत येतो, दार पश्चिमेला हवं. झालं. दोन प्रार्थनाघरं उभी राहिली, दोन्हींच्या मधोमध भिंत आली आणि ती बघता बघता गावभर लांबली.

तेव्हापासून नगरपरिषदेत एकच धोरण आहे, अर्धं-अर्धं. वरून अकरा बाकं आली तेव्हा अकरावं मधोमध कापलं. अर्धी बाकं दोन पायांवर उभी राहीनात, म्हणून दोन्हीकडे भिंतीला टेकवून ठेवली आहेत. ज्ञानकोशाचे 'न'पर्यंतचे खंड पूर्वेच्या वाचनालयात, 'प'पासूनचे पश्चिमेच्या. त्यामुळे पूर्वेच्या मुलांना नदी ठाऊक आहे, पाणी ठाऊक नाही. दवाखान्याला एक डॉक्टर आणि एक नर्स मिळाली. डॉक्टर विषम तारखांना पूर्वेला आणि त्याच तारखांना नर्स पश्चिमेला. त्या दोघांनी अजून एकमेकांना पाहिलेलं नाही.

पण पाण्याची टाकी कापता येईना. खात्याने जागा ठरवायला बाहेरगावचा इंजिनिअर पाठवला. दीड महिना तो दोन्हीकडचं गाव मोजत हिंडला आणि चौसष्ट पानांचा अहवाल लाखेचं सील लावून त्याने सोमवारी दिला. एकच प्रत. मागे एका कागदाच्या दोन प्रती काढल्या होत्या, तेव्हा दोन्ही बाजूंनी आपापल्या प्रतीत दुरुस्त्या केल्या. तेव्हापासून आमच्याकडे नक्कल चालत नाही.

आणि पाणी? ते दोन दिवसांआड टँकरने येतं. तासभर रांग, मग दोन्ही हातांत कॅन. माझ्या बायकोचं मनगट महिनाभर पट्टीत आहे. फाइल गेल्याचं तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमची नोकरी जाईल ती जाईल. पण टाकी गेली तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

मी सरळ दप्तरकाकूंकडे गेलो.

एकतीस वर्षं दप्तरखोली सांभाळून काकू दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं घर भिंतीपेक्षा जुनं. त्यामुळे भिंत एका बाजूने येऊन त्यांच्या घराला धडकते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू होते. स्वयंपाकघर पूर्वेला, न्हाणीघर पश्चिमेला. दोन्हीकडची घरपट्टी त्याच भरतात. गेलो तेव्हा आतून बासरीसारखा काहीतरी आवाज येत होता.

"यजमान शिकतायत," काकू म्हणाल्या. "मी निवृत्त झाले म्हणून मला सोबत व्हावी, म्हणून. भाऊ, काहीतरी काम काढून आलात असं सांगा."

मी सगळं सांगितलं. काकूंनी तेवढ्यात चपला घातल्यासुद्धा.

"फाइल कशी गेली ते नंतर. आधी मला कुलपं दाखवा."

३

काकू कपाटासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग खिडकीशी असलेल्या टेबलावरून त्यांनी बोट फिरवलं. बोटाला लाल चुरा लागला.

"लाख," त्या म्हणाल्या. "सील इथेच फोडलंय. म्हणजे फाइल नेण्याआधी कुणीतरी इथे बसून वाचलीय. भाऊ, या इमारतीत फाइल वाचणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय?"

मी खूप आठवून पाहिलं. नव्हता.

"आणि ही दप्तरखोली रिकामी कधी असते?"

"जेवणाच्या सुट्टीत. एक ते दोन सगळे घरी जातात. मंगळवारी चारला मी सेवेकऱ्यांसमोर कुलपं तपासली, तेव्हा जागच्या जागी होती. काल मात्र पाहिली नाहीत."

"म्हणजे काल दुपारी," काकू म्हणाल्या.

एवढ्यात मॅडम आत आल्या. "काकू, उगाच शोधाशोध नको. इथलं शेंबडं पोरसुद्धा पूर्वेचं कुलूप खालच्या कडीला लावणार नाही. ज्याला पूर्व-पश्चिम सारखीच, असा माणूस गावात एकच आहे."

असं म्हणून त्यांनी इंजिनिअरकडे बोट दाखवलं. तो बिचारा दारात स्वतःच्याच अहवालाची चौकशी करायला आला होता.

"मी?" तो म्हणाला. "माझी फाइल मी कशाला चोरू? मला तर कुणीतरी ती वाचावी एवढंच हवंय! नऊ वर्षं झाली नोकरीला. माझे अहवाल लोक मागून उघडतात, शेवटची ओळ बघतात आणि बंद करतात."

"शेवटच्या ओळीत काय आहे?" काकूंनी विचारलं.

"ते सभेआधी सांगायची मला मनाई आहे."

"आणि किल्ल्या?"

"किल्ल्या त्या दोघांच्या गळ्यात. मी काय गुरुजींच्या गळ्याला हात घालू?"

"चौकशी होईपर्यंत हे गाव सोडणार नाहीत," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या.

नंतर आम्ही टँकरशेठकडे गेलो. हे मॅडमचे धाकटे दीर. टाकी आली नाही तर सगळ्यात जास्त फायदा यांचा, हे सांगायला ज्योतिषी नको. शेठ आवारात नळी धुवत होते.

"काकू, मला काय विचारता? मी चोरली असती तर कपाटासकट नेली असती," ते मोकळेपणाने म्हणाले. "टँकरमध्ये जागा असते. कुलपं कोण उघडत बसणार? आणि काल दुपारी मी पूर्वेच्या रांगेत होतो. दोनशे बायकांनी मला शिव्या घातल्यात. विचारा कुणालाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "खोटं बोलत असतील."

"शेठ खोटं बोलतील, दोनशे बायका नाही. आणि शेठनी चोरलीच असती, तर बसून वाचली नसती. आता राहिले दोघं, ज्यांच्याकडे किल्ल्या आहेत."

"पण काकू, एका किल्लीने काही होत नाही! आणि ते दोघं तीस वर्षं एकमेकांची सावली पडू देत नाहीत."

"तेच तर कोडं आहे," काकू म्हणाल्या. "सभेची नोटीस आहे ना तुमच्याकडे? दोन घ्या. बारीक टायपातल्या."

४

थोरले गुरुजी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत बसले होते. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, पांढरी दाढी, गळ्यात किल्ली.

"फाइल गेली हे ऐकलं," ते म्हणाले. "वाईट झालं. पण यात पश्चिमेचा हात असणार."

"तुमची किल्ली कधी कुणाला दिली होती का?"

"ही? आज सकाळी सेवेकऱ्याला दिली तेवढीच. झोपतानाही गळ्यात असते. कधी कधी रुतते."

"या नोटिशीवर तेवढी सही द्या. वाचून."

गुरुजींनी कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणखी लांब धरला. शेवटी हात पुरेना तेव्हा त्यांनी तो मला धरायला दिला आणि स्वतः खुर्ची मागे सरकवली.

"डोळ्यात धूळ गेलीय कालपासून," ते म्हणाले आणि कागदाच्या भलत्याच कोपऱ्यात सही केली.

वळसा घालून आम्ही पश्चिमेला गेलो. धाकटे गुरुजी थोरल्यांपेक्षा चार वर्षांनी लहान आणि चार पट बोलके. तसाच चष्मा, थोडी कमी पांढरी दाढी, गळ्यात किल्ली.

"काकू, या या! फाइलचं समजलं. थोरल्यांचंच काम. लहानपणी माझ्या गोट्याही तेच चोरायचे."

"त्यांना तुमची किल्ली कुठून मिळाली?"

"चमत्कार!" गुरुजी म्हणाले. "त्यांना त्याची आवड आहे."

काकूंनी नोटीस पुढे केली. धाकट्या गुरुजींनी ती नाकाला लावली. अक्षरशः. नाकाच्या शेंड्याला शाई लागली. मग चष्मा पुसला, पुन्हा नाकाला लावली आणि "हवा फार कोरडी झालीय, डोळ्यांना सोसत नाही," असं म्हणत अंदाजाने सही ठोकली.

बाहेर पडल्यावर काकू थबकल्या. "भाऊ, गेल्या वर्षी मोफत नेत्रतपासणी शिबिर झालं होतं. चष्मे कसे आले होते?"

"दोनशे. शंभर पूर्वेला, शंभर पश्चिमेला. भांडण नको म्हणून सगळ्यांना एकच फ्रेम, काळी."

काकू हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला काहीच कळेना.

"उद्या दोनला दोघांनाही दप्तरखोलीत बोलवा. एकाला पूर्वेच्या दाराने, एकाला पश्चिमेच्या. दुसरा येतोय हे कुणालाच सांगू नका."

"पण फाइल?"

"फाइल तेच घेऊन येतील," काकू म्हणाल्या. "निरोपात एवढंच सांगा की दप्तरखोलीत एक चष्मा सापडलाय."

५

शुक्रवारी दोनला दोन्ही दारं एकदमच उघडली. दोघा भावांनी एकमेकांना पाहिलं. दोघांनी एकदमच तोंडं फिरवली आणि एकदमच बाहेर जायला वळले.

"बसा," काकू म्हणाल्या. एकतीस वर्षं त्या आवाजाने नगरसेवकांना कागद परत करायला लावले होते. दोघं बसले.

"आता चष्मे काढा आणि एकमेकांना द्या."

मग थोरल्यांनी हळूच चष्मा काढला. धाकट्यांनीही काढला. अदलाबदल झाली. दोघांनी चष्मे डोळ्यांना लावले आणि दोघांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू.

"थोरल्या गुरुजींना जवळचं दिसत नाही, धाकट्यांना लांबचं," काकू मला म्हणाल्या. "काल चष्मा घालूनही दोघांचा तोच दोष वाढला होता, म्हणजे चष्मे एकमेकांचे. एकाच टेबलाशी बसून, चष्मे काढून ठेवून, गडबडीत उठल्याशिवाय असं होत नाही. त्यांना नित्याच्या प्रार्थना पाठ आहेत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. कुलपांचंही तेच. मॅडम म्हणाल्या ते बरोबर होतं, ज्याला पूर्व-पश्चिम सारखीच त्याचंच हे काम. फक्त असा माणूस एक नव्हता, दोन होते. आणि ते बाहेरगावचे नव्हते."

मी आ वासून बघत होतो. तीस वर्षं ज्यांच्यामुळे मी बाकं कापत होतो, ते दोघं!

"कधीपासून बोलताय एकमेकांशी?" काकूंनी विचारलं.

"अकरा वर्षं," थोरले म्हणाले. "आई गेली तेव्हापासून. तिच्या उशाशीच मिटलं सगळं. दार कुठल्या बाजूला हे खरं तर आता आठवतही नाही नीट."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगणार?" धाकट्यांचा सगळा बोलकेपणा गेला होता. "मी एकदा प्रवचनात नुसतं म्हटलं की सूर्य पूर्वेलाही असतो. तीन दिवस लोक माझ्याशी बोलले नाहीत. काकू, आम्हाला वाटायचं आम्ही लोकांना चालवतो. लोकच आम्हाला चालवतात."

"आणि फाइल?"

"टाकी पूर्वेला गेली तर पश्चिमेचे दगड उचलतील, पश्चिमेला गेली तर पूर्वेचे," थोरले म्हणाले. "म्हटलं, आधी वाचू. वाचली. त्यात एक्केचाळिसाव्या पानावर लिहिलंय, टाकी मधल्या उंचवट्यावर, जिथे भिंत आहे तिथे. भिंत पाडून. दोन्हीकडे एकच पाइपलाइन." त्यांनी खाली मान घातली. "भिंत पडली तर आम्ही कोण, या भीतीने नेली. घरी गेल्यावर लाज वाटली. पण परत ठेवायला धीर होईना."

"कुठेय?"

"चष्म्याचा निरोप आला तेव्हाच कळलं, सापडलो," म्हणत थोरल्यांनी अंगरख्यातून कागद काढले. एक ते बत्तीस. धाकट्यांनीही काढले. तेहतीस ते चौसष्ट.

"अर्धी-अर्धी केलीत?" मला राहवलं नाही.

"सवय," दोघं म्हणाले.

घड्याळात पावणेतीन झाले होते. धाकटे एकदम ताठ बसले. "सोपं आहे! सभेत सांगतो, आम्हा दोघांना एकच दृष्टान्त झाला. टाकी मधोमध. नऊच्या नऊ नगरसेवकांचे हात वर होतील."

मला ही कल्पना फार आवडली. नोकरी वाचत होती, टाकी येत होती, बायको बोलणार होती. पण काकूंनी टेबलावर हात आपटला.

"आणि पुढच्या वेळी? रस्त्याला एक स्वप्न, गटाराला एक स्वप्न, दवाखान्याला एक? उद्या कुणालाही काहीही स्वप्नात दिसेल आणि हेडक्लार्क त्याची आवक नोंदवत बसतील. मोजून-मापून एका माणसाने चौसष्ट पानं लिहिलीत. ती वाचा. मोठ्याने. आणि कुणी नेली होती तेही तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

बाहेर सभागृहात लोक जमायला लागले होते.

"आपल्याला हाकलून देतील रे," थोरले हळूच म्हणाले.

६

सभागृह खचाखच भरलं होतं. मधोमध आखलेल्या पट्ट्याच्या एका बाजूला पूर्वेचे, दुसऱ्या बाजूला पश्चिमेचे. नऊ नगरसेवक ओळीने बसले होते आणि नेहमीप्रमाणे कागदांकडे नव्हे, आपापल्या गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघत होते.

थोरले उभे राहिले. "फाइल आम्ही नेली होती," ते म्हणाले. "दोघांनी मिळून."

चोरीचं कुणालाच काही वाटलं नाही. "मिळून" या शब्दाने मात्र सभागृहात असा हलकल्लोळ झाला की मॅडमची घंटा खाली पडली. पश्चिमेचा सेवेकरी मटकन खाली बसला. पूर्वेच्या सेवेकऱ्याने त्याला पाणी दिलं आणि दिल्यावर आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं.

"ओरडायचं ते नंतर ओरडा," थोरले गरजले. "आधी ऐका." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

आता अडचण अशी की गुरुजींना वाचायची एकच चाल ठाऊक होती. त्यांनी प्रार्थनेच्या सुरात लावलं, "प्रकरण पहिलं... भूपृष्ठाखालील... पाण्याची पातळी..." आणि लोकांनाही त्या सुराला एकच उत्तर ठाऊक होतं. परिच्छेद संपला की मागून आपसूक यायचं, "तसंच होवो."

"गाळाचा थर... सव्वा मीटर..."

"तसंच होवो!"

"गळतीमुळे वाया जाणारं पाणी... शेकडा अडतीस..."

"तसंच हो—" लोक अडखळले. "अडतीस?" कुणीतरी म्हणालं. लोक ऐकायला लागले होते.

इंजिनिअर भिंतीला टेकून उभा होता. त्याचे ओठ प्रत्येक ओळीबरोबर हलत होते.

बत्तीस पानं झाली. धाकटे उभे राहिले. एक्केचाळिसाव्या पानाशी त्यांचा आवाज बसला. "सबब... सबब, मधली भिंत..." पुढे शब्द फुटेना. तेव्हा थोरले मधला पट्टा ओलांडून त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि दोघांनी मिळून ते पान वाचलं. दोन आवाज एकाच सुरात. म्हाताऱ्या माणसांना तो सूर तीस वर्षांनी ऐकू येत होता.

वाचून संपलं. कुणी "तसंच होवो" म्हणेना. नगरसेवकांचे हात मांडीवरच.

मग मागच्या ओळीतली एक आजी उठली. कुठल्या बाजूची कोण जाणे, मला तिथून दिसत नव्हतं.

"भिंत पाडली तर पाणी रोज येणार का?"

सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं. दोन्ही गुरुजींनी इंजिनिअरकडे बघितलं.

"रोज, आजी," इंजिनिअर म्हणाला. "सकाळी आणि संध्याकाळी. पान त्रेपन्न."

"दोन वेळा?"

"दोन वेळा."

"मग मेली ती भिंत," आजी म्हणाली. "तसंच होवो."

आधी दोन-चार बायका म्हणाल्या. मग त्यांची अख्खी बाजू म्हणाली, मग दुसरी बाजू. नगरसेवकांनी क्षणभर इकडे-तिकडे पाहिलं आणि नऊच्या नऊ हात वर गेले. टँकरशेठ दारातून हळूच निघून गेले. सहा वाजायला दहा मिनिटं असताना मी ठरावावर शिक्का मारला.

चोरीचं काय लिहायचं, हा प्रश्न उरला. मॅडम म्हणाल्या, "गहाळ झाली होती, लिहा." काकूंनी नोंदवही माझ्या हातातून ओढून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "बुधवार, दुपारी एक. वाचण्यासाठी नेली. वाचक दोन. विनापरवानगी." मग कॉलम तपासताना त्या म्हणाल्या, "भाऊ, या वहीत 'वाचण्यासाठी' हा शेरा मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा लिहितेय."

मी घरी निघालो तेव्हा ती आजी पायऱ्यांवर बसली होती आणि तिने इंजिनिअरला बाही धरून शेजारी बसवलं होतं.

"सगळं नाही कळलं बाबा," ती म्हणत होती, "पण तो गाळाचा थर. तो तिथेच एवढा जाड का?"

इंजिनिअरने खिशातून पेन्सिल काढली, सभेच्या नोटिशीची कोरी बाजू गुडघ्यावर सरळ केली आणि आधी नदी कुठून यायची ते काढायला लागला.